तांडेलांचा तांबडा दिवा

आमचे तांडेल रोज संध्याकाळी परीक्षा घ्यायचे. दिवस मावळायला आला की ते घराच्या ओट्यावर येऊन बसत. समोर खाडीचं तोंड. एखादी होडी दिवे लावून आत येताना दिसली की शेजारी बसलेल्याला विचारत, "कंचा दिवा?" होडीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा, त्यातला आपल्याला कोणता दिसतोय ते सांगायचं. माणूस म्हणायचा, "तांबडा." एवढ्यावर भागत नसे. तांडेल मान दुसऱ्या बाजूला वळवून तिथल्या माणसाला विचारत, "तू बोल." दोघांचं एक आलं की मगच मान हलवत आणि धडा देत, "तांबडा दिसला का आपुन थांबायचं. हिरवा दिसला का समोरचा थांबल." हा धडा मी इतक्या वेळा ऐकला की बोईसरच्या रस्त्यावरही मला रिक्षांना तो लावावासा वाटे.

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही त्याच्याच हातात. मी मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली, आणि एका खोलीत सहा जण राहायचा कंटाळा आला म्हणून तारापूरच्या किनाऱ्यावरच्या एका गावात तांडेलांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. तोवर समुद्र मी कॅलेंडरवरच पाहिला होता. पहिल्या दिवशी मी त्यांना माझं काम समजावून सांगितलं. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, प्रेशर मोजतो, टेम्परेचर मोजतो, पॅनेलवरचे सिग्नल बघतो. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि आत वळून काकींना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं, "वायरमन हाय." त्या दिवसापासून गावात मी वायरमन झालो, तो आजतागायत.

या माणसाबद्दल लिहायचं तर आधीच कबूल करतो की तो मला कळलेला नाही. कळला असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा मी तोंडावर पडलो. तुमच्या ओळखीत असा एखादा म्हातारा असेल तर तुम्हाला कदाचित माझ्यापेक्षा लवकर उलगडा होईल.

"इचारनारा बुडत नाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते सगळंच विचारत. वारा कुठला आहे हे त्यांच्या कानांना कळत असताना खलाशाला विचारत. बाजारातून आणलेली मिरची काकींना विचारल्याशिवाय हातात घेत नसत. खलाशी त्यांना वचकून असत, कारण तांडेल भर समुद्रात अचानक "कंचा दिवा?" विचारणार आणि आपण डुलक्या घेत असलो तर फजिती होणार, हे ठरलेलं. "म्हातारा उजलनी घेतो," असं त्यांचा पुतण्या जयवंत म्हणायचा. होडी दोघांची मिळून होती. जयवंत इंजिन बघायचा आणि तांडेल सुकाणू.

घरामागे आंब्याचं एक झाड होतं. पिकलेला आंबा तांडेल नाकाने ओळखत. डोळे मिटून देठापाशी हुंगत आणि बरोबर तोच काढत. शेजारपाजारचे लोक या नाकाचं कौतुक करायचे. मीही गावाकडे फोन करून आईला सांगितलं की इथल्या माणसांना वासावरून सगळं कळतं. आई म्हणाली, "बघून का काढत नाहीत?" आईच्या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. आमच्या आईला शंका फार, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. रंगकाम, डागडुजी चालू होती. जयवंत माझ्याकडे आला. होडीची बॅटरी दर फेरीत उतरते, दिवे रात्रभर जळतात आणि पहाटे इंजिन सुरू होत नाही, अशी तक्रार. मी जाऊन पाहिलं. जुने काचेच्या बल्बचे दिवे. वीज खाणार बकासुरासारखी आणि उजेड देणार काजव्याएवढा. तांबडा तर इतका मिणमिणता की लागलाय की नाही ते जवळ जाऊन बघावं लागे. मी म्हणालो, हे सगळं काढून एलईडी बसवू. आजूबाजूच्या बहुतेक होड्यांवर ते आलेही होते.

तांडेल म्हणाले, "हाय ते बरं हाय."

मग मला चेव आला. मी ओट्यावर उभा राहून त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. करंट किती कमी लागतो, बॅटरी कशी टिकते, बल्ब कसे धक्क्याने फुटतात आणि हे कसे फुटत नाहीत. तांडेलांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "दोनी सारखेच उजेडतील?"

"अगदी सारखे!" मी म्हणालो. "तांबड्यात आणि हिरव्यात तसूभर फरक दिसणार नाही, बघाच तुम्ही."

काकी दारात उभ्या होत्या, त्यांनी तांडेलांकडे पाहिलं आणि आत गेल्या. मला वाटलं, जिंकलो. पण तांडेल खाडीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "आपल्या होडीवं काय हाय ते आपल्याला कलाया पायजे, वायरमन." मी म्हणालो, मी आहे ना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल तेव्हा मला दिसत नव्हता.

बोईसरला स्टेशनसमोरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "साब, ये लगाओ और बैटरी को भूल जाओ." आधी मी पांढरे एलईडी आणले आणि जुन्याच रंगीत काचांमागे बसवले, तर तांबडा दिवा गुलाबी सरबतासारखा दिसायला लागला. परत गेलो. आता आणले ते रंगीत एलईडीचे बंद दिवे, वरून काच पांढरी, आत रंग. बंद असताना दोन्ही जुळ्या भावांसारखे. केबिनच्या दोन्ही बाजूंना जुन्या दिव्यांच्या फळ्या होत्या, एक तांबडी, एक हिरवी. पण जयवंतने त्या वर्षी हौसेने सगळी केबिन आकाशी रंगवली होती आणि त्यात फळ्याही आकाशी होऊन गेल्या होत्या.

आता जे सांगतो ते वाचून होडीवाले हसतील. कंपनीत आम्ही पॅनेलसमोर उभे राहून काम करतो. पॅनेलची डावी बाजू म्हणजे आपल्या डाव्या हाताची बाजू. होडी किनाऱ्यावर नाळ जमिनीकडे करून, म्हणजे पुढचं टोक माझ्याकडे करून उभी होती. मी तिच्यासमोर पॅनेलसमोर उभा राहावा तसा उभा राहिलो, माझ्या डाव्या हाताला तांबडा बसवला, उजव्या हाताला हिरवा. होडीची डावी बाजू होडीत बसून पाहायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन्ही दिवे लखलखीत लागले आणि मी माझ्यावरच खूश झालो.

त्या दिवशी जयवंत डिझेलच्या कामाला गेला होता. मी तांडेलांना तपासणीला बोलावलं. ते होडीसमोर उभे राहिले, मग एका बाजूला गेले, मग दुसऱ्या बाजूला. दिव्यावरून हात फिरवला. एवढा वेळ लावताहेत म्हणजे काम फारच आवडलेलं दिसतं, असं मला वाटलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"तू बोल, वायरमन. कंचा कुटं?"

"डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा," मी छाती काढून सांगितलं.

त्यांनी दिव्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "मंग बराबर हाय."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. पहिल्या काही फेऱ्या जवळच्याच होत्या, सकाळी जाऊन दिवसाउजेडी परतल्या, त्यामुळे दिवे लावायची वेळच आली नाही. मग एका दिवशी उशीर झाला. मी कंपनीतून येऊन ताज्या मासळीच्या आशेने धक्क्यावर उभा होतो. खाडीच्या तोंडाशी आमची होडी येताना दिसत होती आणि आडव्या अंगाने शेजारच्या गावची एक होडी. मला वाटलं, एक थांबेल. कुणीच थांबलं नाही. दोन्ही होड्या एकमेकींवर चालून गेल्या आणि फळ्या मोडल्याचा आवाज धक्क्यापर्यंत आला. शेजारच्या होडीवरचा एक खलाशी पाण्यात पडला.

खलाशी बचावला. पण त्या होडीचा तांडेल धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच ओरडायला लागला. "तुमचे दिवे उलटे हायत! आमाला हिरवा दिसला, आमी बोललो हा थांबल!" आमच्या होडीवरून त्यांचाही हिरवाच दिसला होता. आमच्या तांडेलांनी नेहमीप्रमाणे दोघा खलाशांना विचारलं होतं, दोघांनी "हिरवा" सांगितलं होतं, आणि म्हणून तांडेलही थांबले नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. चूक कोणाची होती ते धक्क्यावर फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो मी होतो.

मी पुढे झालो. तोंड उघडलं. तेवढ्यात तांडेलांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की आजही तो हात मला आठवतो. लोकांकडे बघत ते म्हणाले, "वायरमननं बराबर जोडलेले. मीच फिरवले. माजी चूक हाय."

मी म्हणालो, "काका, अहो—"

"गप ऱ्हा."

ज्याने उभ्या जन्मात होडीला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्याने सगळ्यांसमोर चूक पत्करली. दुसऱ्या गावचा तांडेल खाली बघायला लागला. वयाने मोठ्या माणसाला आणखी काय बोलणार? मोडलेल्या फळ्या जयवंतने त्यांना बसवून दिल्या आणि ते प्रकरण मिटलं. पण पुढच्या फेरीच्या वेळी तांडेल धक्क्यापर्यंत गेले, होडीवर चढले नाहीत. जयवंतच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आता तू धर." जयवंत एवढा दांडगा गडी, पण तोंड फिरवून उभा राहिला. होडी गेली आणि तांडेल माझ्याबरोबर घरी परत आले. वाटेत त्यांनी मला कंपनीतल्या जेवणाबद्दल विचारलं.

मला जेवण जाईना. माझ्या चुकीने एका माणसाचं सुकाणू गेलं होतं आणि तो मला कॅन्टीनमध्ये भाजी कुठली असते ते विचारत होता. मी दोन-तीनदा ठरवलं की जयवंतला खरं सांगून टाकायचं. प्रत्येक वेळी तांडेलांच्या ते लक्षात यायचं, कसं ते देव जाणे, आणि ते मला कसल्या तरी कामाला लावायचे. दिवे मात्र मी दुसऱ्याच दिवशी सकाळी अदलाबदल करून टाकले होते, होडीत बसून, नाळेकडे तोंड करून, सात वेळा खात्री करून.

मग एका संध्याकाळी ओट्यावर मी बोईसरहून आणलेले दोन जादा दिवे बॅटरीला लावून बघत होतो. दोन्ही जळत होते. मी सहज हात पुढे केला आणि म्हणालो, "काका, तो तांबडा द्या जरा."

तांडेल दोन्ही दिव्यांकडे बघत राहिले. एकाकडे हात नेला, मागे घेतला. मग आत तोंड करून हाक मारली, "अगो, वायरमनला तांबडा दिवा दे."

काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या, दोन पावलांवरचा तांबडा दिवा उचलून माझ्या हातात दिला आणि आत निघून गेल्या. नवऱ्याच्या हाताशी असलेली वस्तू द्यायला आपल्याला चुलीपासून का बोलावलं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना नवल वाटलंच नव्हतं.

कंपनीत नोकरीला लागताना डॉक्टर रंगीत ठिपक्यांची चित्रं दाखवतात. तांबडा-हिरवा वेगळा न दिसणाऱ्याला त्यांतले आकडे वाचता येत नाहीत, आणि मग पॅनेलवर काम मिळत नाही. माझ्या बॅचमधला एक जण त्यात परत गेला होता. ते सगळं मला तिथे ओट्यावर आठवलं आणि हातातला दिवा जड झाला. आंबा हुंगून काढणारं नाक, मिरची विचारून घेणारा हात, दोघांना विचारलेला एकच प्रश्न. इतकी वर्षं परीक्षा चालली होती आणि परीक्षकाकडे उत्तरच नव्हतं.

तांडेल बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. काकी मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लगनाच्या सालीच मला समजलं. हिरवं लुगडं आनाया सांगितलं, तर विटकरी घेऊन आले. मी तेच नेसले."

"मग समुद्रावर कसं चालवायचे, काकी?"

"जुना तांबडा मिनमिनता, हिरवा जरा जास्ती. त्यावं वलकायचे. वर दोगांना इचारायचे." त्यांनी पुढचा मासा घेतला. "मंग हे नवे दिवे आले. एकेक होडीवं. तवापासनं जास्ती इचाराया लागले."

आणि आपल्या होडीवरचे, शेवटचे दोन, मी सारखे करून दिले होते. तसूभर फरक नाही म्हणून शेखीही मिरवली होती. काकी हे बोलल्या नाहीत. त्यांनी मला तळलेल्या मांदेलीची बशी दिली. मी ती घेऊन खोलीत गेलो आणि दार लावून रडलो.

आता खरा गोंधळ सुरू झाला. त्यांनी धक्क्यावर माझं मनगट धरलं ते कुणासाठी? मला वाचवायला, की स्वतःला? मी कबूल केलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं की वायरमन परगावचा, त्याला कळलं नाही, पण तांडेलांनी तपासलं तेव्हा त्यांना दिसलं नाही का? की सुकाणू सोडायला त्यांना निमित्त हवंच होतं? कधी एक खरं वाटे, कधी दुसरं. कंपनीत मीटर चुकीचं दाखवू लागलं तर ते काढून टेबलावर ठेवता येतं. तांडेलांना कुठे ठेवणार?

मी त्यांना कधीच विचारलं नाही. फक्त एक गोष्ट बदलली. संध्याकाळी ओट्यावर बसलो की त्यांच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला, दाराच्या उंबऱ्यावर, काकी तांदूळ निवडत बसायच्या. खाडीच्या तोंडाशी होडी आली की ते विचारत, "कंचा दिवा?" मी सांगायचो. मग ते मान वळवत, आणि काकी सांगायच्या. मान हलायची, धडा व्हायचा. मी तो धडा पहिल्यांदा ऐकावा तसा ऐकायचो. अशी आमची दोन वर्षं गेली.

नंतर त्यांचं दुखणं निघालं. पालघरच्या दवाखान्यात होते. मी कामावरून सुटलो की थेट तिथे जायचो. एके दिवशी काकी चहा आणायला खाली गेल्या होत्या. तांडेलांनी मला जवळ बोलावलं. आवाज फार गेला होता.

"वायरमन, त्या दिशी तू एकटाच व्हतास."

मला कळेना. "कुठल्या दिवशी, काका?"

"दिवे लावलेस तवा. मी एकालाच इचारलं. दोगांना इचारायचं ऱ्हायलं." दम घ्यायला थांबले. "तुजी चूक नाय. मी तवा बोललेलो ना, माजी हाय."

मी म्हणालो, "काका, चूक माझीच होती, उलटे मीच बसवले होते." त्यांनी हात हलवला, जसं काही मी एखादी क्षुल्लक गोष्ट बोललो होतो. मला वाटत होतं, ते धक्क्यावर माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच. आणि माझ्या लेखी चूक आजही माझीच आहे. एकाच चुकीचे आम्ही दोघे धनी, आणि दोघेही ती दुसऱ्याला द्यायला तयार नव्हतो. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. चार दिवसांनी तांडेल गेले.

कंपनीत हल्ली माझी थट्टा होते. कुठलंही पॅनेल चालू करण्याआधी मी एका माणसाला विचारतो, "कोणता दिवा लागलाय?" आणि त्याने सांगितलं तरी दुसऱ्याला बोलावतो. "साहेबांना दिसत नाही की काय?" असं मागे बोलतात. मला दिसतं. तरी विचारतो.

तांडेल गेल्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा काकी उंबऱ्यावर बसल्या होत्या, सूप मांडीवर. मी ओट्यावर माझ्या नेहमीच्या जागी बसलो. आमच्या दोघांच्या मधली जागा रिकामी होती. तिथे कुणीच सरकून बसलं नाही. थोड्या वेळाने खाडीच्या तोंडाशी एक होडी वळली आणि तिचा दिवा दिसला. काकींचा सुपातला हात थांबला. उत्तर द्यायला आम्ही दोघंही होतो.

कुणी विचारलं नव्हतं, तरी आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "तांबडा."